दोन दोस्त, एक गाणं आणि मनसोक्त नाटकीपणा

सातवा_स्वर

प्रेमाची युगलगीतं ऐकून कान किटले की मी दोस्तांच्या युगलगीतांकडे वळते. म्हणजे अशी पॉप गाणी, ज्यात गाणारे दोघे एकमेकांवर जीव ओवाळून टाकत नाहीत, उलट एकमेकांच्या खोड्या काढत असतात. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं ती अर्ध्यातच झेलून भलतीकडे न्यायची. मधेच कुणी लटकं रुसतं, कुणी उगाच डोळे मोठे करतं. गाण्यात घडत काहीच नसतं आणि तरी ते संपेपर्यंत आपण हसत असतो.

या प्रकाराचं नाव काढलं की मला आधी आठवतं ते ब्रिटिश पॉपगायक एल्टन जॉन आणि गायिका किकी डीचं १९७६ सालचं 'डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट'. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तोवर एल्टन जगभर गाजलेला, पण मायदेशी पहिला क्रमांक त्याला मिळाला तो या गाण्यानं, तोही मैत्रिणीसोबत वाटून. गाणं लिहिलं एल्टन आणि त्याचा नेहमीचा गीतकार बर्नी टॉपिन यांनी, श्रेय मात्र अॅन ऑर्सन आणि कार्ट ब्लांश या दोन खोट्या नावांना. म्हणजे थट्टा तबकडीच्या लेबलपासूनच सुरू.

व्हिडिओ बघितलात तर त्यात काहीच नाही. चौकड्यांचा सूट घातलेला एल्टन, गुलाबी डंगरीतली किकी, समोर माईक. कथा नाही, बसवलेला नाच नाही. दोघं डोलतात, एकमेकांकडे बघतात, हसू दाबतात. आणि जवळजवळ प्रत्येक ओळ वाटलेली: त्यानं काही म्हणायचं, तिनं लगेच आश्वासन द्यायचं. बोल वाचले तर प्रियकर-प्रेयसीचे वाटतात, पण ऐकताना एक क्षणही तसं वाटत नाही. दोन मित्र प्रियकर-प्रेयसी होण्याचा खेळ खेळतायत, असंच वाटतं.

तर प्रश्न असा: हे इतकं का भावतं? ते खरंच मित्र आहेत हे आपल्याला माहीत असतं म्हणून? की मैत्रीचा अभिनय झकास जमलाय म्हणून? तुमची आवडती गाणीही सांगा.

बेताल

मस्त धागा! माझं मत सरळ आहे. मैत्री खरी असली की गाण्यात उतरते. आवाज एक वेळ खोटा काढता येईल, हसू नाही. एल्टन आणि किकी समोरासमोर उभे राहून गातायत, एकाला हसू फुटतं ते दुसऱ्याला लागतं, हे सोंग आणता येत नाही.

फेडर

बेताल, तुमचा हिरमोड करतो, माफ करा. मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज एकमेकांत बसवणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे अशा गोष्टींचा नाद आहे. त्या गाण्यात एल्टनचा आवाज टोरांटोत रेकॉर्ड झालाय आणि किकीचा नंतर लंडनमध्ये. मधे अख्खा अटलांटिक. समोरासमोर उभं राहणं व्हिडिओपुरतं.

बेताल

अरे देवा. दुसऱ्याच प्रतिसादात आडवा केलात मला.

चौथी_रांग

नाटकवाल्याच्या बाजूनं दोन शब्द.

नवखा नट ओळखायची एक खूण आहे. स्वतःचं वाक्य संपलं की तो विझतो. समोरचा बोलत असतो आणि याच्या डोक्यात पुढच्या वाक्याची जुळवाजुळव चाललेली. मुरलेला नट समोरच्याचं वाक्य शंभराव्या प्रयोगालाही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. टाळी बरेचदा बोलणाऱ्याला मिळते, पण ती मिळवून देतो ऐकणारा.

दोस्तांच्या युगलगीतात हेच चालतं. पुढच्या वेळी असा व्हिडिओ बघाल तेव्हा गाणाऱ्याकडे बघू नका, त्या क्षणी न गाणाऱ्याकडे बघा. भुवई उडते का? ओठ दुसऱ्याच्या ओळीवर नकळत हलतात का? 'हा आता काय करणार आहे' याची धास्ती आणि उत्सुकता दोन्ही दिसतात का? एकल गाण्यात गायक आपल्याकडे बघून गातो, प्रेमाच्या युगलगीतात दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बुडालेले असतात आणि आपण नाही म्हटलं तरी उपरे. इथे मात्र दोघं एकमेकांची फिरकी घेता घेता मधूनच आपल्याकडे बघतात, 'बघितलंत ना कसा आहे हा?' अशा नजरेनं. तिसरी जागा आपल्यासाठी राखलेली असते. मला वाटतं, खरी गोडी या तिसऱ्या जागेची.

दुसरं म्हणजे कुणीतरी हरायला हवं. दोघंही जिंकायला उभे राहिले की ती जुगलबंदी होते, तिची मजा वेगळी. इथे एकानं पडायचं, आणि पडताना बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा मुद्दाम पडलाय, मित्राची टाळी जाऊ नये म्हणून.

तिरकस

सगळं छान आहे हो, पण दोन मोठी नावं एका गाण्यात का येतात याचं उत्तर मैत्री नाही, हिशोब आहे. याचे चाहते अधिक त्याचे चाहते. मग मुलाखतीत 'आम्ही किती जुने मित्र' हे ओघानं आलंच. आपण बसतो भुवया मोजत.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

सातवा_स्वर

तिरकस, दिवे घेतले, आणि हिशोब असतोच, नाही कोण म्हणतं. पण हिशोब जुळवून केलेली शेकडो गाणी विसरली गेली आणि काहीच टिकली, हे कसं?

चौथी_रांग, हरण्याचा मुद्दा वाचताना 'से से से' आठवलं. पॉल मॅकार्टनी आणि मायकल जॅक्सन, १९८३. बॉब जिराल्डीनं केलेल्या त्या व्हिडिओत दोघं मॅक आणि जॅक नावाचे फिरते भामटे आहेत. पॉल गाडीवर उभा राहून जालीम औषध विकतोय. गर्दीतून एक हडकुळा पोरगा पुढे येतो, औषध पितो आणि शेजारच्या धिप्पाड गड्याला पंजा लढवून लोळवतो. पोरगा म्हणजे मायकल, अर्थातच आतून सामील. लोक बाटल्यांवर तुटून पडतात. मग कमावलेले पैसे अनाथाश्रमाला. पुढे रंगमंचावर विदूषकी, आरशासमोर दाढीचा फेस एकमेकांना फासणं, सगळा पोरखेळ.

आता गंमत बघा. गाण्याचे बोल पार रडवेले आहेत. 'तू मला इतकं छळतेस, तरी मी वाट बघतोय' छापाची विनवणी. भामटेगिरीचा त्यात मागमूस नाही. गाणं एकीकडे, नाटक दुसरीकडे, आणि तरीही ते एकमेकांना चिकटलेत. कारण दोघं मिळून एकाच मुलीची विनवणी करतायत ही कल्पनाच मुळात हास्यास्पद आहे, आणि व्हिडिओनं ते ओळखलं. निदान मला असं वाटतं.

फेडर

'से से से'बद्दल एक चीज सांगतो. २०१५ मध्ये त्याचं नवं मिश्रण निघालं. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळचे न वापरलेले आवाज सापडले होते, त्यात ओळींची वाटणी उलटी. मूळ गाण्यात पॉल गातो ते तिथे मायकल गातो आणि मायकलचं पॉल. दोन्ही लागोपाठ ऐका. सुरावट तीच, शब्द तेच, पण पात्रं बदलतात. मूळ गाण्यात आधी थोरला समजुतीनं बोलतो आणि मग धाकटा कळवळून धावत येतो. उलट केल्यावर धाकटाच आधी घायकुतीला आलेला आणि थोरला मागून सावरून घेणारा. कुणाला कुठली ओळ द्यायची हा निर्णय किती मोठा असतो ते तिथे कानांना समजतं. माझ्या मते अर्धी पात्ररचना तिथेच होते, अभिनय नंतर.

उंबरठा

ते गाणं मला आता निखळ आनंदानं ऐकता येत नाही. गाण्यांचे प्रकाशन हक्क विकत घेणं हा किती चांगला धंदा आहे, हे पॉलनंच त्या काळात मायकलला सांगितलं. आणि १९८५ मध्ये मायकलनं एटीव्ही ही कंपनी घेतली, ४ कोटी ७५ लाख डॉलरना. तिच्याकडे बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनी जोडीच्या बहुतेक गाण्यांचे हक्क होते. पॉलची स्वतःची गाणी! मैत्रीला तडा गेला तो गेलाच. व्हिडिओतले ते दोन भामटे बघताना मनात येतंच, की यातला कोण कुणाला औषध विकत होता?

तिरकस

उंबरठा, हेच म्हणत होतो मी. हिशोब.

चौथी_रांग

नाही पटत. १९८५ मध्ये जे झालं त्यानं १९८३ चा फेस पुसला जात नाही. प्रयोग चालू असताना दोघं एकमेकांना देत होते की नाही, तेवढंच बघावं. पडद्यामागे तोंड न बघणारे नट रंगमंचावर जिवाभावाचे भाऊ झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि घरोब्याचे मित्र स्टेजवर दगडासारखे उभे राहिलेलेही.

उंबरठा

तुमचं म्हणणं तर्काला पटतं, मनाला नाही. :)

धुमकेतू

डेव्हिड बोवी आणि मिक जॅगर या रॉकगायकांना कुणीच कसं आणलं नाही अजून? 'डान्सिंग इन द स्ट्रीट', १९८५. मूळ गाणं मार्था अँड द व्हँडेलाजचं, १९६४ चं. यांनी ते 'लाइव्ह एड' या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमाकरता केलं. एका संध्याकाळी गाणं उरकलं आणि त्याच रात्री लंडनच्या डॉकलँड्समध्ये व्हिडिओ. दोन जागतिक तारे रिकाम्या गिरणीत रात्रभर माकडउड्या मारतायत. शेवटी दोघं कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकतात आणि चित्र तिथेच गोठतं, दोघांच्या बुडांवर. ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिला क्रमांक!

जाता जाता, मूळ बेत वेगळाच होता. एक जण लंडनमध्ये, दुसरा फिलाडेल्फियात आणि उपग्रहावरून थेट युगलगीत. पण आवाज पोचायला साधारण अर्ध्या सेकंदाचा उशीर होत होता. तेवढ्यानं बेत बारगळला.

तिरकस

तो व्हिडिओ? अहो, तो इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा व्हिडिओ म्हणून लोक वर्षानुवर्षं दाखवतात. कुणीतरी त्यातलं संगीत काढून नुसते पायांचे आवाज आणि हुंकार ठेवले होते, ते मूळ गाण्यापेक्षा सरस आहे.

धुमकेतू

आणि तरी तुम्ही दोन्ही पाहिलेत ना! अशा गाण्याला थोडी लाज गुंडाळून ठेवावीच लागते. नाटकीपणा अर्धवट केला तर अवघडलेपण येतं, पुरता केला तर बघणाऱ्याचं अवघडलेपण जातं. बोवी एकटा असता तर हे त्यानं कधी केलं नसतं. सोबतीला जॅगर होता म्हणून चेव चढला. दोघं एकमेकांना 'तू करतोस तर मीही करतो' म्हणत अजून खालच्या पायरीवर नेतात. हे दोस्तांमध्येच होतं. अनोळखी माणसासमोर कुणी इतका येडेपणा करत नाही.

सातवा_स्वर

'तू करतोस तर मीही करतो', हे आवडलं. दोघांतला शहाणा कोण हे ठरेपर्यंत गाणं संपलेलं असतं.

पण फेडर, आता मला एक कोडं पडलंय. अर्ध्या सेकंदाच्या उशिरानं बोवी-जॅगरचा बेत मोडला, आणि एल्टन-किकी मधे समुद्र असून जमले. असं कसं?

फेडर

कळीचा प्रश्न. थेट कार्यक्रमात उशीर दोन्ही बाजूंना असतो. मी गातो, ते तुला अर्ध्या सेकंदानं ऐकू येतं. तू त्यावर ठेका धरून गातेस, ते मला आणखी अर्ध्या सेकंदानं. म्हणजे माझ्या लेखी तू पूर्ण एक सेकंद मागे. मी तुझ्यासाठी थांबलो तर तू अजून मागे जातेस. दर मिनिटाला १२० ठोके अशा उडत्या चालीत एक सेकंद म्हणजे दोन ठोके. खेळ खलास.

वेगवेगळं रेकॉर्डिंग केलं की तसं होत नाही. एकाचा आवाज आधी टेपवर पक्का बसलेला, दुसरा हेडफोनमध्ये तो ऐकत त्यावर गातो. उशीर शून्य. दुसऱ्याची प्रतिक्रिया अगदी खरी असते, कारण तो खरंच ऐकून उत्तर देतोय. कस लागतो तो पहिल्याचा. त्यानं न आलेल्या उत्तराला वाट करून द्यायची असते. श्वास कुठे घ्यायचा, ओळीचं शेपूट कुठे आखूड करायचं, कुठे वर बघून थांबायचं, हे सगळं समोर कुणी नसताना. मित्राची सवय अंगात मुरलेली असली की ते जमतं. तो कुठे तोंड घालणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

कामावर मी हे नेहमी बघतो. अनोळखी दोघांची गाणी ओळीला ओळ जोडून उभी राहतात, नीटनेटकी. मित्रांच्या गाण्यात ओळी एकमेकींवर चढतात. एकाचा 'आ' संपायच्या आत दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. ती चढाओढ काढून टाकली तर गाणं स्वच्छ होतं आणि मरतं. शहाणा असेल तो मिक्सिंगवाला तिथे हात लावत नाही.

बेताल

म्हणजे मी आडवा झालो होतो तो अर्धाच. मैत्री कामी येते, फक्त समोर उभं असण्याची गरज नाही. उठून बसतो.

रात्रीचा_रियाज

उशिरा आलो, वाचत होतो. आपल्याकडच्या चित्रपटगीतांत हा प्रकार ठासून भरलाय आणि अजून कुणी नावही घेतलं नाही?

'हाफ टिकट' (१९६२) मधलं 'आके सीधी लगी दिल पे' घ्या. सलील चौधरींचं संगीत. बेत होता लताबाई आणि किशोरकुमार यांचा. त्या येऊ शकल्या नाहीत तेव्हा किशोरकुमार म्हणाले, दोन्ही आवाज मीच काढतो. आणि काढले. पडद्यावर बाईच्या वेषात किशोर, समोर प्राण, आणि दोघांच्याही गळ्यातून किशोरच. बाईचा आवाज नुसता बारीक केलेला नाही, तिची ठसक वेगळी, लाडात येणं वेगळं. पुरुषाचा आवाज जरा भारदस्त, बावळटपणाकडे झुकणारा. एका माणसात दोन दोस्त!

आणि 'पडोसन' (१९६८). 'एक चतुर नार'मध्ये मेहमूदसाठी मन्ना डे, आणि सुनील दत्तसाठी किशोर. गंमत अशी की कथेतही सुनील दत्त नुसते ओठ हलवतोय आणि गुरू झालेला किशोर लपून गातोय. म्हणजे पार्श्वगायनाचीच जाहीर थट्टा. त्या गाण्याचा मुखडा १९४१ च्या 'झूला'मधला, तिथे तो अशोककुमारांनी गायलाय. धाकट्या भावानं थोरल्याच्या गाण्याचा पार चक्काचूर केला म्हणा ना. मन्नादांचं शास्त्रशुद्ध गाणं आणि समोर किशोरचा धुडगूस. शास्त्र हरतं आणि हरताना इतकं देखणं दिसतं की काय सांगावं.

चौथी_रांग

'पडोसन' बरोबर, पण तिथे दोस्ती कुणाची? गाणाऱ्यांची, की पडद्यावरच्यांची? कथेत तर ते हाडवैरी आहेत. पार्श्वगायनात चार माणसं होतात, दोन गळे आणि दोन चेहरे, आणि चौघांचं टायमिंग एकमेकांत बसावं लागतं. पॉपमध्ये गळा आणि चेहरा एकाच माणसाचा असतो, त्यामुळे एल्टन एल्टन म्हणूनच खोड्या काढतो. तिथे जी ओळखीची ऊब आहे ती चित्रपटात पात्राच्या आड जाते. त्या बदल्यात चित्रपटाला मोठं नाटक मिळतं. 'शोले'तल्या 'ये दोस्ती'त तो साइडकार सुटून वेगळा पळतो आणि पुन्हा येऊन जोडला जातो, ही कल्पना नुसत्या आवाजातून कशी आणणार?

रात्रीचा_रियाज

मान्य. तरी किशोर-मन्ना डे या दोघांनी दोस्तीचंही गायलं आणि वैराचंही, आणि दोन्हीकडे कान तोच अनुभव घेतात: एक शिस्तीचा, एक उनाड. ही जोडी कशी जमवली असेल, हे मला गाण्यापेक्षा जास्त कुतूहलाचं वाटतं. दोघंही उनाड असते तर गोंगाट झाला असता.

उंबरठा

शिस्तीचा आणि उनाड यावरून 'बार्सिलोना'. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (हो हो, पाचगणीच्या शाळेतलाच, कुणी सांगायच्या आत मी सांगते) आणि ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये, १९८७. हा रॉकचा बादशहा, पण तिच्यापुढे नुसता भक्त. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तिला ऐकून वेडा झालेला. १९८७ मध्ये भेट झाली आणि मग दोघांचं मेतकूट जमलं. संगीतकार माइक मोरनला घेऊन अख्खा अल्बम केला.

इथे खोड्या कमी आहेत, नाटकीपणा मात्र आभाळाएवढा. घंटा, कोरस, वाद्यवृंद, सगळं एकाच वेळी. मला खिळवून ठेवतं ते दोघांचं एकमेकांच्या अंगणात जाणं. बाई तिचा तो प्रचंड आवाज पॉपच्या ठेक्यावर तोलून धरते आणि फ्रेडी ऑपेराची नक्कल करायला जात नाही. तो त्याच्याच आवाजात, पण छाती फुगवून गातो, एखाद्या पोरानं मोठ्या माणसाचा कोट चढवावा तसा. त्याला माहीत आहे की तिच्या तोडीचं आपल्याला जमणार नाही. तो त्याचाही आनंद घेतो. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. दुसऱ्या वर्षी बार्सिलोनातच ऑलिंपिक भरलं आणि हे गाणं पुन्हा सगळीकडे वाजलं, त्याच्याशिवाय.

बेताल

उंबरठाताई, तुम्ही प्रत्येक वेळी शेवटी रडवता. जरा हलकं करतो.

ब्रँडी आणि मोनिका या अमेरिकन गायिकांचं 'द बॉय इज माइन', १९९८. अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर. पॉल आणि मायकलच्या १९८२ च्या 'द गर्ल इज माइन'वरून सुचलेलं, म्हणजे दोघांतल्या भांडणाचा पुढचा अंक. दोघींचं एकमेकींशी पटत नाही अशी कुजबुज तेव्हा जोरात होती, आणि गाणं त्या कुजबुजीवरच पोसलं. व्हिडिओत दोघी शेजारी राहतात, भिंतीच्या दोन बाजूंनी धुसफुसतात. शेवटी पोरगा दारात येतो तर दोघी मिळून दार उघडतात आणि त्याच्या तोंडावर आपटतात. म्हणजे बघा, मैत्रीण नसलेल्या दोघींनी गायलं आणि शेवटी मैत्रीच जिंकली.

आणि हल्लीचं म्हणाल तर रोझे आणि ब्रुनो मार्सचं 'एपीटी', २०२४. एका कोरियन खेळात म्हणतात तो शब्द घेतला आणि त्याचाच मुखडा केला. गुलाबी पडदा, ड्रम, काळी जाकिटं, दोन माणसं धांगडधिंगा घालतायत. तिनं खेळ शिकवायचा आणि त्यानं शिकल्यासारखं करायचं. याहून जास्त कथा लागते कशाला?

फेडर

ब्रँडी-मोनिकावरून एक तांत्रिक भर. दोन्ही आवाज बायकांचे, पट्टी जवळपास सारखी. अशा गाण्यात खरी भीती ही की कोण गातंय ते कळणारच नाही, मग भांडण कसलं? तिथे वाचवतो आवाजाचा पोत. ब्रँडीचा आवाज हवा मिसळलेला, घोगरट, कुजबुजीकडे जाणारा. मोनिकाचा भरीव, थेट. डोळे मिटून ऐका, एकदाही गफलत होणार नाही.

कुंपण

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. इतके जाणकार दिसले म्हणून विचारते. ऑफिसच्या कार्यक्रमात मी आणि माझी मैत्रीण असं एखादं गाणं म्हणायचं म्हणतोय. दोघी बऱ्यापैकी सुरात गातो, अभिनयाचा मात्र आनंद आहे. तालमीत फार कृत्रिम वाटतं. काय करावं?

रात्रीचा_रियाज

दोघी आहात म्हणजे एक संकट टळलं. बाई-पुरुष असते तर आधी पट्टीची पंचाईत. पुरुषाला पेटीवरची काळी एक सोयीची, बाईला काळी चार, मधे अख्खं सा ते प इतकं अंतर. मग कुणीतरी एक वर ताणतो किंवा खाली घुटमळतो. तुम्हाला एकच पट्टी चालेल. फक्त सर्वांत वरचा सूर नाचत-हसत लागतो का ते बघा, कारण हसताना श्वास पुरत नाही. नसेल लागत तर अर्धा स्वर खाली घ्या, कुणाला पत्ता लागणार नाही.

चौथी_रांग

अभिनय करूच नका. हातवारे तर बिलकूल बसवू नका, बसवलेला हात लांबूनही ओळखू येतो. आधी एकच ठरवा, या गाण्यात कोण कुणाला छळतंय. मग तालीम गाऊन नाही, बोलून करा. ओळी नुसत्या भांडल्यासारख्या म्हणा, सूर नाही, ताल नाही. एकीनं दुसरीचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. तसं करताना जे हसू येईल, जी मान वेळावेल, ती लक्षात ठेवा. गाताना तेवढंच आपोआप येईल, ते पुरे.

आणि बोल पाठ हवेत. पाठ म्हणजे झोपेतून उठवलं तरी. पडद्यावरचे शब्द वाचणारी माणसं एकमेकींकडे बघू शकत नाहीत, आणि एकमेकींकडे बघणं हेच तर गाणं आहे.

फेडर

दोन माईक मागून घ्या. एका माईकवर दोघी दिसायला गोड दिसतं, पण जिचा आवाज मोठा तीच ऐकू येते. आणि मागचं संगीत जरा कमी ठेवायला सांगा, नाहीतर तुमच्या सगळ्या कोपरखळ्या वाया जातील.

तिरकस

माझाही सल्ला घ्या, फुकट आहे. ओळी समान वाटू नका. निम्म्या-निम्म्या वाटल्या की शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं होतं. एकीला जास्त द्या आणि दुसरीला तिच्या मधे तोंड घालू द्या.

सातवा_स्वर

काय हे! हिशोबवाले तिरकस चक्क मदत करतायत.

कुंपण

सगळ्यांचे आभार. काल ओळी भांडल्यासारख्या म्हणून बघितल्या, हसून हसून पुरेवाट झाली, आणि पहिल्यांदाच कृत्रिम वाटलं नाही. आता वेगळीच अडचण. आम्हा दोघींनाही रुसणारीचाच रोल हवाय. छळणारी व्हायला कुणी तयार नाही. यावरून आज खरंच थोडं वाजलं.

फेडर

मग एकेक तालीम दोन्ही वाटण्यांनी करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका. 'से से से'सारखंच, वाटणी उलटली की एकीत पात्र जिवंत होतं आणि दुसरीत दोघी नुसत्या गात असतात. कानाला लगेच कळेल.

चौथी_रांग

आणि ते जे खरंच वाजलं, ते कशावरून, कोण आधी बोललं, कोण गप्प बसलं, तेही आठवून ठेवा. तुमची वाटणी बहुतेक तिथेच झालीये.

कुंपण

आधी मी बोलले. गप्पही मीच बसले. ती फक्त हसत होती.

तिरकस

म्हणजे छळणारी सापडली. पुढची तालीम कधी?